एपीआय सॉल्टवॉटर टेस्ट किट: खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टाकीसोबत नऊ महिने

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डोंबिवलीत गेली १४ वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी तपासते. त्यामुळेच असेल, पण घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं ठरलं तेव्हा माशांच्या आधी मी पाणी तपासायचं किट घेतलं. घरात सगळ्यांचा सूर एकच होता: आधी मासे तर येऊ देत, मग तपास काय ते. आता नऊ महिने झालेत. या सगळ्या खटाटोपात ज्या वस्तूवर पैसे घातल्याचं पुरेपूर समाधान आहे, ती हीच. म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

किटचं पूर्ण नाव एपीआय सॉल्टवॉटर मास्टर टेस्ट किट. मला साडेतीन हजारांच्या आसपास पडलं. डब्यात थेंबांच्या सहा बाटल्या, झाकणाच्या चार काचेच्या नळ्या आणि रंगांचं कार्ड असतं. चार तपासण्या होतात: पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट. डब्यावर ५५० तपासण्या लिहिल्यात. घरच्या एका टाकीला हे पुष्कळ झालं. घेताना एक गोष्ट नक्की बघा. प्रत्येक बाटलीवर लॉट नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बाटली तयार झाल्याचा महिना आणि वर्ष. लॅबमध्ये रिएजंट (तपासणीचं रसायन) आलं की आम्ही पहिल्यांदा तारीख बघतो आणि मगच सही करतो, तसंच इथे करायचं. रंगांची रसायनं जुनी झाली की निकाल चुकतो, आणि तो चुकलाय हे आपल्याला कळतही नाही.

टाकीची हौस जुनी. लहानपणी बाबा आम्हाला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय म्हणजे मुंबईत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायची जागा. मी तिथल्या काचेला नाक लावून उभी राहायचे आणि बाबांना मला ओढून बाहेर काढावं लागायचं. लेकीलाही तिथे न्यायचं होतं, पण ते बंद पडलं. तेव्हा मनात आलं, घरीच काहीतरी करू. गोड्या पाण्यातले गप्पी आणि मॉली आमच्याकडे पाच वर्षं होतेच.

सुरुवात एका दुकानापासून झाली. नाव लिहीत नाही, कारण अशी दुकानं एकदोन नाहीत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, मीठ टाका, ही बॅक्टेरियाची बाटली टाका, उद्या मासे सोडा." माशांची घाण मोडणारे हे बाटलीतले बॅक्टेरिया म्हणजे थोतांड नव्हे, त्यांनी वेळ वाचू शकतो. पण काम झालं की नाही हे ठरवायचं कशावरून, असं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने आतल्या बाजूला नेऊन समुद्रातून काढलेला 'जिवंत खडक' (प्रवाळांचा खडक, ज्यात बॅक्टेरिया आणि बारीक जीव राहतात) आणि एका छोट्या टाकीत शेपटीने काडीला धरून बसलेले दोन समुद्रघोडे दाखवले. समुद्रघोडे आणि खडक बांधणारी प्रवाळं यांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांची विक्री करता येत नाही. नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि तो हौसेपोटी गुन्ह्यात अडकतो. त्याहून मला लागलं ते त्या घोड्यांचं. पोटं खपाटीला गेली होती. मी तशीच बाहेर पडले.

टाकी कुर्ल्याहून बनवून घेतली. २४ इंच लांब, १८ रुंद, १८ उंच, ८ मिलिमीटरची काच. हिशोबाने १२७ लिटर, पण खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण १०० लिटर मावतं. खडक कृत्रिम, सच्छिद्र आणि कोरडा घेतला. मीठ एका लिटरला ३६ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे पहिल्याच भरणीला साडेतीन किलोंवर मीठ गेलं. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार समुद्राच्या प्रमाणात घातलेले असतात. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर क्षार खाली साका होऊन बसतात. घरच्या आरओचं पाणी ४० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) येत होतं, त्याच्यापुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची नळी जोडल्यावर मीटरवर शून्य दिसलं.

आता किटकडे येते.

भरलेली टाकी दिसते स्वच्छ, पण माशांसाठी ती अजून विषारी ठरू शकते. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. समुद्रात तो कुठच्या कुठे विरून जातो, १०० लिटरमध्ये साठत राहतो. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. हे बॅक्टेरिया खडकाच्या भोकाभोकांत वस्ती करून बसायला चार ते सहा आठवडे घेतात. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. ना रंग बदलतो, ना वास येतो. लॅबमध्ये ठणठणीत दिसणाऱ्या माणसाची साखर ४०० निघते तेव्हा रिपोर्ट देताना जे वाटतं, तेच मला या पाण्याकडे बघून वाटायचं.

बॅक्टेरियांना खायला म्हणून अमोनियाचा काही स्रोत हवा. मी कोलंबी वापरली. रविवारच्या बाजारातल्या वाट्यातली एक मोठी कोलंबी बाजूला काढली तर सासूबाईंनी हटकलंच, "अगं, ती कुठे चाललीस घेऊन?" जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत सोडली. तिसऱ्या दिवसापर्यंत अमोनिया शून्य, पाचव्या दिवशी ०.५, नवव्या दिवशी २ (हे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग). त्या दिवशी कोलंबी काढून टाकली. ती जास्त दिवस ठेवली तर घरात उभं राहवत नाही, आणि अमोनियाही गरजेपेक्षा वर जातो.

अमोनियाची तपासणी अशी: नळीत ५ मिलिलिटरच्या रेघेपर्यंत पाणी, पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ, झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळा म्हणजे शून्य, मग हिरव्याच्या वाढत्या छटा. बाटली पूर्ण उलटी, सरळ उभी धरायची. तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात. पाण्याची पातळी बघताना मधला खोलगट भाग रेघेला टेकला पाहिजे. आणि नळीवर अंगठा धरून हलवायचं नाही, झाकणंच वापरा. बोटाला लागलेलं काहीही निकालात उतरतं, शिवाय ही रसायनं कातडीला बरी नाहीत.

सुरुवातीला मला रोज वाटायचं की पिवळ्यात किंचित हिरवी झाक आहे. शून्य म्हणू की ०.२५? लॅबमध्ये अशा वेळी आम्ही ब्लँक लावतो, म्हणजे ज्यात काहीच नाही अशा नमुन्यावर तीच तपासणी करतो. डीआयचं शून्य टीडीएसचं पाणी घेतलं, त्यात तेच थेंब टाकले. त्यातही हिरवी झाक! मग दोन्ही नळ्या घेऊन गॅलरीत गेले. दिवसाच्या उजेडात दोन्ही स्वच्छ पिवळ्या. दोष आमच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याचा होता. तेव्हापासून सगळं वाचन सकाळी खिडकीशी, नळी कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून. टाकीचा निळा दिवा चालू असेल तर त्याच्या आसपासही वाचू नका, त्या उजेडात कुठलाच रंग खरा दिसत नाही. आपल्या किटमध्ये कायमच ०.२५ दिसतं अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी एकदा ब्लँक लावून बघावा.

सोळाव्या दिवशी नायट्राइट उमटलं. ही तपासणी सगळ्यांत सोपी, पाच थेंब आणि पाच मिनिटं. फिकट आकाशी म्हणजे शून्य, पुढे जांभळा. विसाव्या दिवशी नळी इतकी गर्द जांभळी झाली की कार्डावरच्या शेवटच्या ५ च्या चौकोनालाही मागे टाकलं. इथे लॅबचीच युक्ती कामी आली. एखाद्याचा आकडा मशीनच्या कक्षेबाहेर गेला की आम्ही नमुना पातळ करून परत लावतो आणि उत्तराला गुणतो. एक भाग टाकीचं पाणी आणि चार भाग नवं कालवलेलं खारं पाणी घेतलं. कार्डावर २ आलं, म्हणजे टाकीत १०.

त्याच दिवशी नायट्रेटही लावलं आणि नळी रक्तासारखी लाल झाली. क्षणभर वाटलं, एवढ्यातच नायट्रेट इतकं चढलं? मग लक्षात आलं. लघवीत जंतुसंसर्ग आहे का हे बघायला आम्ही जी पट्टी बुडवतो, तिच्यावरचा नायट्राइटचा चौकोन गुलाबी होतो तो ग्रीस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या अभिक्रियेमुळे, जी नायट्राइटला रंग आणते. इथेही तेच रसायन आहे. नायट्रेट थेट रंग देत नाही. बाटलीतली जस्ताची भुकटी आधी त्याचं नायट्राइट करते, आणि रंग येतो तो त्या नायट्राइटचा. म्हणजे टाकीत मुळातच नायट्राइट असेल तर नायट्रेटचा आकडा फुगून येणारच! नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटच्या वाचनावर भरवसा ठेवू नका. कितीतरी नवखे लोक चौथ्या आठवड्यात या लाल नळीने घाबरतात आणि गरज नसताना अर्धी टाकी उपसतात. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे नायट्राइट गोड्या पाण्याइतकं माशांना बाधत नाही, हेही माहीत असलेलं बरं.

नायट्रेटची दुसरी बाटली ही या किटमधली सगळ्यांत नाजूक जागा. ती भुकटी तळाशी बसते. बाटली किमान ३० सेकंद जोरात हलवायची. मी आधी तिचा तळ टेबलावर हलकेच आपटून घेते, मग हलवते. पहिल्या बाटलीचे दहा थेंब, नळी उलटीसुलटी करायची, मग दुसरीचे दहा थेंब, आणि आता नळीही पूर्ण एक मिनिट जोरजोरात हलवायची. पुढे पाच मिनिटं थांबायचं. हलवायचा कंटाळा केला तर नायट्रेट कमी दिसतं, आणि आपण खूश होऊन पाणी बदलायचं टाळतो. मी मुद्दाम पडताळा घेतला. एकाच पाण्याच्या दोन नळ्या, एक नीट हलवून, एक नुसती ढवळून. एकीत २०, दुसरीत ५. लेक आठवीत आहे. हे बघून तिनेच मोबाइलवर मिनिटाचा गजर लावायची जबाबदारी घेतली.

याच तपासणीत वरच्या टोकाला, ४० आणि ८० च्या लालमध्ये फरक करणं डोळ्यांना जड जातं. रंग बघून वाचायच्या कुठल्याही पद्धतीची ही मर्यादाच आहे. तिथेही पाणी पातळ करून लावलं की प्रश्न सुटतो. घरात कुणाला लाल-हिरव्याचा फरक ओळखता येत नसेल, तर वाचन दुसऱ्यावर सोपवा.

एकतिसाव्या दिवशी अमोनिया पिवळा, नायट्राइट आकाशी, नायट्रेट २० च्या आसपास. खात्री करायला थोडं माशांचं खाद्य टाकून दोन दिवसांनी परत लावलं, तरी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. तरीही मासे आणले नाहीत, कारण गणपती तोंडावर होते आणि आम्ही सगळे गावाला जाणार होतो. मधल्या काळात काचेवर तपकिरी थर चढला. नव्या टाकीत तो येतोच, आपोआप जातोही.

गावाहून आल्यावर पाचवा हिस्सा पाणी बदललं आणि दोन क्लाउनफिश आणले, हॅचरीत वाढवलेले. आपल्याकडच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेले घ्यायचं काही कारण उरत नाही. हॅचरीतले मासे दाणेदार खाद्य पहिल्या दिवसापासून खातात. त्यांच्यासोबत समुद्रफूल (ॲनिमोन) घ्यायचा आग्रह दुकानात होतो, तो नवख्याने मानू नये. त्याला स्थिरावलेली टाकी आणि ताकदीचा दिवा लागतो. क्लाउनफिशचं त्याच्यावाचून छान चालतं. आमचे दोघे कोपऱ्यातल्या पंपामागे झोपतात.

किटने खरी साथ दिली ती जानेवारीत. रविवारच्या नेहमीच्या तपासणीत अमोनियाची नळी हिरवी आली. दिव्याचा दोष म्हणावा तर मी खिडकीशीच होते. ब्लँक लावला, तो पिवळा. दुसऱ्यांदा लावलं, परत ०.५. मासे व्यवस्थित पोहत होते, खात होते, पाण्याला वास नव्हता. पण आकडा खोटं बोलत नव्हता. एकेक खडक हलवून बघितला. मागच्या मोठ्या खडकाच्या फटीत टाकीतली टर्बो जातीची गोगलगाय उलटी पडून मेली होती. बाहेर काढली तेव्हा असा वास सुटला की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. मीठ कालवलेलं २० लिटर पाणी मी झाकणाच्या ड्रममध्ये कायम तयार ठेवते, ते लगेच बदललं. संध्याकाळी ०.२५, दुसऱ्या दिवशी शून्य. आणखी दोन दिवस गेले असते तर मासेच पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसले असते, आणि तोवर उशीर झाला असता.

पीएचच्या तपासणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाच थेंब, आणि रंग लगेच वाचता येतो. पावसाळ्यात सगळं घर बंद असताना सकाळी ७.८ यायचं, खिडक्या उघड्या ठेवल्या की संध्याकाळी ८.२. घरातल्या हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो, त्याचा हा परिणाम. यासाठी पाण्यात काहीही ओतायला जाऊ नका.

आता किटमध्ये काय नाही ते. क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, मोजायची सोय नाही, आणि ती तर पहिल्या दिवसापासून लागते. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वाकतो त्यावरून मीठ मोजणारं उपकरण) वेगळा घ्यावाच लागतो. समुद्राचं पाणी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. माझी चूक इथेच झाली. पहिल्या आठवड्यात पाणी आटलं तसं मी खारंच पाणी भरत गेले. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, हे शाळेत शिकलेलं असूनही हाताने वेगळंच केलं. १.०२८ दिसलं तेव्हा लक्षात आलं. आटलेलं पाणी नेहमी गोड्या डीआय पाण्यानेच भरायचं. तेव्हा टाकीत मासे नव्हते, म्हणून निभावलं. रिफ्रॅक्टोमीटरही ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या, लॅबच्या भाषेत कॅलिब्रेट करा. तेवढी एक छोटी बाटली सोबत मागवा.

कायद्याच्या चौकटीत बसणारं प्रवाळ ठेवायचा विचार असेल तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट या तपासण्याही हव्यात. त्याही या डब्यात नाहीत. केवळ मासे आणि दोन-चार गोगलगायी ठेवणाऱ्याला त्यांची निकड नसते. मी अजून त्या वाटेला गेलेले नाही. आत्ताच टाकीचं पाणी ३० अंशांवर जातंय, दुपारी पंखा वारा घालतो तेव्हा २८ वर येतं. डोंबिवलीच्या दमट हवेत त्याहून खाली येत नाही, आणि प्रवाळांसाठी हे गरमच. चिलरसाठी, म्हणजे पाणी थंड करायच्या यंत्रासाठी, पैसे जमवतेय.

पट्टी बुडवून वाचायची किट स्वस्त मिळतात आणि चटकन होतात. दवाखान्यात लघवीची पट्टी जशी पहिल्या अंदाजापुरती असते, तसा त्यांचा वापर ठीक आहे. पण टाकी बसवतानाच्या सहा आठवड्यांत, जिथे ०.२५ आणि शून्य यातल्या फरकावर मासा आणायचा की नाही हे ठरतं, तिथे थेंबांचंच किट घ्या. दुकानात पाणी फुकट तपासून देतात हेही खरं, पण त्यांना आकडाच विचारा. "ठीक आहे" हा रिपोर्ट नव्हे.

वापरून झालेल्या नळ्या लगेच धुवा आणि डीआय पाण्याने विसळून उलट्या वाळत ठेवा. नायट्रेटचा लाल डाग काचेवर सुकला की पुढच्या वाचनात लुडबुड करतो. बाटल्यांची झाकणं आपसांत बदलू देऊ नका. आमच्याकडे किट औषधांच्या कपाटात सगळ्यांत वरच्या फळीवर असतं, कारण त्यातली काही द्रावणं डोळ्यांना आणि कातडीला घातक आहेत.

सध्या दर रविवारी सकाळी नऊ वाजता चार नळ्या खिडकीत उभ्या राहतात. आकडे लेक वहीत लिहिते, तारखेसकट. दोन माशांपैकी एक आता ठळक मोठा झालाय. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात आणि जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो. गेल्या रविवारी वहीत नायट्रेट १० च्या खाली लेकीने लिहून ठेवलंय: "मोठीने पंपाजवळची काच तोंडाने साफ केली. तीनदा."